मागच्या बाकावरचं मराठी

नीना मराठीत बोलली तेव्हा ऊर्मिलाला तो आवाज ओळखूच आला नाही. व्हॅन नुकतीच राजवाड्यासमोरच्या चौकातून निघून पहिल्या चढाला लागली होती. ड्रायव्हरने गिअर खाली टाकला तसं पाठीमागचं इंजिन गुरगुरलं, आणि त्या गुरगुरण्यातून मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मावशी, तुला कसंतरी होतंय का? खिडकी उघडू?" ऊर्मिला पुढे, ड्रायव्हरशेजारी बसली होती. तिला क्षणभर वाटलं, गाडीत आणखी कुणी मराठी बाई आहे. स्टुटगार्टात हल्ली असं होतं, बसच्या थांब्यावर, भाजी घेताना, मागून कुणीतरी मराठीत बोलतं आणि आपण वळून बघतो. म्हणून ती हसू तयार ठेवूनच वळली. मधल्या बाकावर बॉनहून आलेलं म्हातारं जोडपं, मागच्या बाकावर पुण्याहून आलेली तिची धाकटी बहीण शोभना आणि ऊर्मिलाची स्वतःची मुलगी नीना. बाकी गाडीत कुणी नव्हतं. नीनाने काच सरकवली होती आणि शोभनाचा हात आपल्या मांडीवर धरला होता. शोभना डोळे मिटून म्हणाली, "काही नाही गं, रिकाम्या पोटी निघाले ना." आणि नीना म्हणाली, "मग आलं चघळ. माझ्या पिशवीत आहे." ऊर्मिलाने तोंडावरचं हसू कुठे ठेवायचं ते न कळून तसंच पुढे वळवलं, आणि ड्रायव्हर योखेनला वाटलं, बाई खूश आहेत. तो म्हणाला, "आता वर गेल्यावर बघा, सगळं शहर तळहातावर दिसेल."

तिला दिसत काहीच नव्हतं. म्हणजे समोरच्या मोठ्या काचेतून दिसत होतं, चढाच्या दोन्ही बाजूंची जुनी घरं, घरांमधून वर चढत गेलेले दगडी जिने, जिन्यांवरचा जूनमधला हिरवा काळोख; पण सगळं लक्ष पाठीच्या मणक्यातून मागे गेलं होतं. नीनाचा जर्मन आवाज तिला ठाऊक होता. तो उंच होता, घाईचा होता, वाक्य संपताना दार लोटून दिल्यासारखा. हा आवाज खालच्या पट्टीतला होता, जरा सावकाश, शब्दापाशी थांबून शब्द उचलणारा. अठरा वर्षं ही मुलगी आपल्या घरात राहिली आणि तिच्यापाशी हा एक आवाज होता, नि तो आपण ऐकलेला नव्हता. आणि ते 'कसंतरी'. कुठून आणलं तिने? चुकलेलं असतं तर बरं वाटलं असतं. वाक्य बरोबर होतं, हेच ऊर्मिलाच्या जिवाला लागलं. 'कसंतरी होतंय' हे पुस्तकातून येत नाही, वर्गातून येत नाही. ते कुणाच्या तरी शेजारी बसून, कुणाला तरी बरं वाटत नसताना, ऐकून येतं.

घरात ऊर्मिला मराठीतच बोलायची. तो तिचा नियमच होता. शिरीष, तिचा नवरा, दिवसभर कारखान्यात गिअरबॉक्सवाल्या जर्मन लोकांबरोबर बोलून दमून यायचा आणि मुलीशी ज्या भाषेत सोपं जाईल त्या भाषेत बोलायचा. ऊर्मिला नाही. ती मराठीत विचारायची, नीना जर्मनमध्ये उत्तर द्यायची. जेवलीस का? या, म्हणजे हो. डबा कुठे ठेवलास? कसा झाला पेपर? आल्झो, म्हणजे तसा, ठीक. इतर आयांशी बोलताना ऊर्मिला म्हणायची, "समजतं तिला सगळं. बोलता येत नाही, एवढंच." त्याही म्हणायच्या, "आमच्याकडेही तेच." हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं होतं की ते आजारपणाच्या निदानासारखं घरात राहायला आलं होतं. निदान झालं की माणूस शांत होतो. बोलता येत नाही, त्याला कोण काय करणार? आणि आज सकाळी साडेदहा वाजता, एका नारिंगी-पांढऱ्या, बेचाळीस वर्षं जुन्या व्हॅनमध्ये तिला कळत होतं की बोलता येतं. येतं, पण तिच्यासाठी नाही.

या व्हॅनची तिकिटंही शिरीषने काढली होती. शोभनाचे गुडघे दुखतात, या शहराचे जिने तिला चढवणार नाहीत, म्हणून त्याने ही जुन्या बुलीतून डोंगरावरून फिरवणारी सहल शोधून काढली आणि स्वतः लुडविग्सहाफेनला दोन दिवसांच्या कामाला निघून गेला. बुली म्हणजे ही व्हॅनच. इथले लोक तिला घरच्या कुत्र्याला हाक मारावी तसं या नावाने बोलावतात. योखेनने निघतानाच सांगितलं होतं, पुढे बसेल त्याला गंमत जास्त. शोभनाला पुढे बसव, असं ऊर्मिला म्हणाली होती. नीना म्हणाली होती, "नाइन, नको, आम्ही दोघी मागे बसतो." आम्ही दोघी. तेव्हाच कळायला हवं होतं.

पहिला थांबा टेकडीच्या कडेवरच्या एका छोट्या चौकात होता. कठड्यापाशी उभं राहिलं की खाली वाडग्यासारखं शहर, मध्ये नव्या स्टेशनसाठी खणलेला प्रचंड खड्डा, आणि चारी बाजूंच्या उतारांवर द्राक्षांचे मळे. योखेन त्या खड्ड्याकडे बोट दाखवून चिडून काहीतरी सांगत होता, बॉनचे आजोबा मान हलवत होते. कोपऱ्यावर आइस्क्रीमचं दुकान होतं. ऊर्मिला रांगेत उभी राहिली, तिघींसाठी तीन कोन घेतले, शोभनासाठी मुद्दाम लिंबाचं, मळमळीला बरं म्हणून. आणि दोन हातांत तीन कोन सांभाळत ती कठड्याकडे आली तेव्हा त्या दोघी पाठमोऱ्या उभ्या होत्या. शोभना बुटकी, नीना तिच्याहून वीतभर उंच, आणि नीनाने हनुवटी मावशीच्या खांद्यावर टेकवली होती. ऊर्मिलाने ऐकलं, "आईला आत्ता नको सांगूस. मी सांगते."

आई. ती जागच्या जागी थांबली. नीना तिला मामा म्हणायची, जर्मन मुलं म्हणतात तसं. पुण्याला फोन लागला की आजी हसायची, "अगं, तुझा मामा कुठून आला? मला मुलगा तरी आहे का?" नीना पाच वर्षांची असताना ऊर्मिलाने महिनाभर प्रयत्न केला होता, आई म्हण, आई; पाळणाघरात सगळे मामा म्हणत असताना ते टिकलं नाही. आणि आता तो शब्द तिच्यासाठीच उच्चारला गेला होता, पण तिच्याशी बोलताना नव्हे. आइस्क्रीम वितळून मनगटावर आलं. त्या दोघींमध्ये एक बोलणं होतं, त्यात आई नावाची एक बाई होती, तिला काय सांगायचं आणि काय नाही हे त्या ठरवत होत्या. ऊर्मिला पुढे झाली. "घ्या, वितळतंय," ती म्हणाली. नीनाने कोन घेतला. "डांके, मामा."

"ताई, तुझ्या हातावर बघ," शोभना म्हणाली आणि रुमाल काढून तिचं मनगट पुसू लागली. ऊर्मिलाने हात काढून घेतला.

शोभनाचं हे लहानपणापासूनच होतं. ती काही करायची नाही आणि माणसं तिच्याकडे जायची. नात्यातली कडेवरची मुलं ऊर्मिलाकडून रडत शोभनाकडे झेप घ्यायची. ऊर्मिला चार वर्षांनी मोठी, वर्गात पहिली, भाषणात पहिली, आईच्या हाताखाली तयार झालेली. आणि संध्याकाळी बाबा ऑफिसमधून आले की पायरीवर शोभनाशेजारी बसायचे. बोलायचे नाहीत, नुसते बसायचे. शोभना पुढे कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका झाली. एक शब्द तोंडातून यायला जिथे सहा सहा महिने लागतात, तिथे ती समोर बसून वाट बघते. ऊर्मिलाला तेव्हा वाटलं होतं, बरं झालं, हिला जमेल असं सापडलं. त्यात थोडी कीव होती. बाबा गेले तेव्हा नीना दहा महिन्यांची होती, ऊर्मिला चौथ्या दिवशी पुण्याला पोहोचली. नातेवाईक म्हणाले, शोभनानं फार केलं हो, दोन महिने रात्र रात्र बसली, लहान वयात केवढं अंगावर पडलं. ऊर्मिला रडली, बहिणीला जवळ घेतलं. आणि तिच्या केसांच्या वासात नाक खुपसलेलं असताना तिच्या मनात आलं, ते दोन महिनेही हिलाच मिळाले. हे ती कधी कुणाला बोलली नव्हती. स्वतःशीसुद्धा शब्दांत बोलली नव्हती. लोक ज्याला ओझं म्हणतात, त्याचा हेवा वाटणारं माणूस आपण, हे कुणाला सांगणार?

गाडी पुन्हा निघाली. वळणावळणाच्या रस्त्याने वर, द्राक्षांच्या ओळींना खेटून. योखेन गाडीशी बोलत होता, "कम, कम, माझी राणी," आणि गाडी प्रत्येक वळणावर दम घेऊन उठत होती. पेट्रोलचा, तापलेल्या रेक्झिनचा वास. ऊर्मिलाला आठवत होतं ते सात वर्षांच्या नीनाचं गणपतीतलं बोलणं. इथल्या मराठी मंडळाचा गणपती, शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, आरतीनंतर मुलं मांडी घालून बसलेली. नीना उठली आणि लंगडत तिच्याकडे येऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "माझा पाय झोपला." हॉलभर हशा पिकला. जर्मनमध्ये पायाला मुंग्या आल्या की पाय झोपला असंच म्हणतात, पोरीने ते उचलून मराठीत आणलं होतं. ऊर्मिलाही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिने सांगितलं, "अगं, पाय झोपला नाही, मुंग्या आल्या," आणि नीनाने घाबरून मोजा काढून मुंग्या शोधल्या, तेव्हा तर लोकांना हसू आवरेना. नंतर ऊर्मिलाने ती गोष्ट किती जणांना सांगितली असेल! वाढदिवसांना, फोनवर, नव्या आलेल्या जोडप्यांना, नीना शेजारी उभी असताना. प्रेमानेच सांगायची. गोड म्हणून सांगायची. त्या वर्षानंतर नीना मराठीत काय बोलली, हे ती आता आठवू लागली, गाडी एक वळण चढून गेली, दुसरं चढून गेली, आणि तिला एकही वाक्य आठवेना.

दुसरंही आठवलं, ते तिने बोलावलं नव्हतं. नीनाच्या शाळेतली पालकसभा. ऊर्मिला चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकांशी तिचं जर्मन व्यवस्थित चालतं, कारण तिथे वाक्यं ठरलेली असतात. सभेत तिने हात वर केला, सहलीबद्दल काही विचारायला, आणि दोन वाक्यांत तीन वेळा अडखळली. शेजारी बसलेली दहा वर्षांची नीना हळूच म्हणाली होती, "लास, राहू दे, मामा, मी सांगते." मुलीने मदत केली, असं ती शिरीषला घरी येऊन म्हणाली. पण त्या रात्रीपासून तीही नीनासमोर जर्मन बोलताना आधी वाक्य मनात जुळवायची. म्हणजे दोघीही, एकमेकींच्या समोर, आपापल्या भाषेत गप्प. तिला हे असं पहिल्यांदाच दिसत होतं आणि दिसून ती मऊ पडली नाही. उलट तिडीक गेली डोक्यात. मग शोभनानं काय केलं असं? काय दिलं, जे मी नाही दिलं?

"आता आपण बिर्कनकोप्फला जातोय," योखेन म्हणाला आणि आवाज जरा उतरवून सांगू लागला. ऊर्मिलाने सकाळपासून ठरवलं होतं की तो जे सांगेल ते ती शोभनाला मराठीत सांगणार. ते तिचं काम होतं. ती वळली, घसा साफ केला, आणि तेवढ्यात मागून नीना बोलू लागली. "मावशी, युद्धात इथली खूप घरं पडली. जवळजवळ अर्धं शहर. मग लोकांनी सगळे दगड गाड्यांत भरून या डोंगरावर आणली. खूप वर्षं आणत होते. डोंगर चाळीस मीटर उंच झाला. म्हणजे आपण आता लोकांच्या घरांवर चढणार."

बॉनच्या आजींना भाषा कळत नव्हती, पण त्याही नीनाकडे बघत होत्या. आणि ऊर्मिला हसून म्हणाली, "आणली नाही गं, आणले. दगड आणले."

तिचं तिला ऐकू आलं, तो आवाज किती खेळकर होता. हाच तो गणपतीतला आवाज. नीनाने तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी खिडकी आतून लावून घ्यावी तसं काहीतरी झालं. "गेनाऊ, बरोबर," ती म्हणाली. "आणले." मग तिने बॉनच्या आजींना जर्मनमध्ये विचारलं की त्यांना वारा लागत नाही ना, आणि त्यांच्याशीच, उंच घाईच्या आवाजात, गाडी थांबेपर्यंत बोलत राहिली. शोभनाने ऊर्मिलाकडे पाहिलं, मग बाहेर पाहिलं.

डोंगराच्या पायथ्याशी गाडी थांबली. वर गाडी जात नाही, गोल गोल चढत जाणारा पायरस्ता आहे. योखेन म्हणाला, पाऊण तास आहे, सावकाश जा. नीना पुढे निघाली, लांब लांब पावलं टाकत. बॉनचं जोडपं हातात हात घालून तिच्या मागे. दुसऱ्या वळणावर शोभना बाकावर टेकली. "मी इथेच बसते, ताई. तू जा वर." ऊर्मिला गेली नाही. ती उभी राहिली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

शोभनाने कळत नसल्याचं सोंग केलं नाही. "दीड वर्ष होईल. फोनवर. रविवारी सकाळी."

रविवारी सकाळी. ऊर्मिलाला आधी नुसते शब्द ऐकू आले आणि मग त्यांचा अर्थ. रविवारी दहा ते बारा ती मंडळाचा मराठी वर्ग घेते. नऊ वर्षं. चौदा मुलं, दुसऱ्यांची. त्यांना ती मुळाक्षरं शिकवते, गाणी शिकवते, मुलं चुकली की हसून दुरुस्त करते. ती घराबाहेर पडायची, आणि पलंगावर पाय पसरून नीना हिला फोन लावायची.

"मी बाहेर गेले की," ती म्हणाली.

"हो. तिला ती वेळ बरी पडायची."

"आणि तुला एकदाही वाटलं नाही मला सांगावं? मी तुझी बहीण आहे, शोभना."

"वाटलं. दर वेळी वाटलं." शोभना गुडघ्यावर तळवे फिरवत होती. "ती म्हणाली, सांगू नकोस. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीने आपल्याकडे एक गोष्ट ठेवायला दिली, ताई. मी काय करायचं?"

"तू शिकवलंस तिला?"

"मी काही शिकवलं नाही. ती बोलायची, मी ऐकायचे. अडली की थांबायचे. माझी सवयच आहे ती, शाळेतली. कधी कधी एका वाक्याला पाच मिनिटं लागायची. पहिले दोन महिने तर ती माझ्या फोनवरून आपल्या आईशीच बोलायची जास्त. आई तिला काय केलंस, काय खाल्लंस विचारायची, आणि तुला माहितीये आईचं, ती मध्येच डुलकी काढते. नीनाला ते आवडायचं. म्हणायची, आजी झोपली की मला भीती न वाटता बोलता येतं."

आई. म्हणजे आईलाही ठाऊक होतं. दर बुधवारी ऊर्मिला आईला फोन करत होती आणि आई तिला पाण्याचं, कामवालीचं, गुडघ्याचं सांगत होती, आणि दीड वर्ष एक शब्द बोलली नव्हती. ऐंशी वर्षांची बाई, जिला सकाळचं संध्याकाळी आठवत नाही असं शोभनाच सांगायची, तिने हे बरोबर लक्षात ठेवून लपवलं होतं. ऊर्मिलाला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. "मला आत्ता काय नको सांगूस म्हणाली ती? मघाशी. कठड्यापाशी."

"ते तिला विचार," शोभना म्हणाली. आणि मग, जरा कडक आवाजात, जो तिने ताईशी बोलताना बहुधा आयुष्यात दुसऱ्यांदा वापरला असेल, "आणि काही बोलली तर आज तिचे दगड मोजू नकोस."

ऊर्मिला वर निघाली. रस्ता चढत होता, झाडी मागे पडत होती, आणि कडेला दगड दिसू लागले. नुसते दगड नव्हते ते. खिडकीच्या चौकटीचा तुकडा, खांबाचा वरचा भाग, एका दगडावर कोरलेलं फूल, एका दाराची कमान पालथी पडलेली. त्यातून गवत उगवलेलं. माथ्यावर एक साधा क्रूस होता, वारा होता, आणि चहूबाजूंनी शहराच्या टेकड्या. बॉनचे आजोबा फोटो काढत होते. नीना एका मोठ्या चौकोनी दगडावर बसली होती, गुडघे छातीशी धरून. ऊर्मिला तिच्याशेजारी बसली. दगड उन्हाने तापला होता. ऊर्मिलाला जाणवलं की गप्प राहणं तिला किती जड जातंय. दर चार सेकंदांनी एक प्रश्न तोंडाशी येत होता, आणि प्रत्येक प्रश्नाच्या आत एक दुरुस्ती होती.

"मी ऑगस्टमध्ये पुण्याला जातेय," नीना म्हणाली. जर्मनमध्ये. "वर्षभरासाठी. मावशीच्या शाळेत, स्वयंसेवक म्हणून. कागद झालेत. व्हिसाचा अर्ज केलाय. बाबांना कालच सांगितलं."

"मला का नाही?"

नीनाने खांदे उडवले, मग ते उत्तर पुरेसं नाही असं तिलाच वाटलं असावं. "तू नको म्हणशील अशी भीती नव्हती मला. तू खूश होशील अशी होती. तू इतकी खूश झाली असतीस, मामा, आणि पुढच्या रविवारी सगळ्या मंडळाला सांगितलं असतंस, आणि मग ते तुझं झालं असतं. मला ते थोडे दिवस माझं हवं होतं."

ऊर्मिला म्हणणार होती, मी अशी नाहीये. पण पालथ्या पडलेल्या कमानीकडे बघत असताना तिने मंडळातला रविवार डोळ्यांसमोर आणून पाहिला, आणि तिथे ती उभी होती, सांगत होती, आमची नीना, बघा, शेवटी गेलीच. नीना म्हणाली ते खरं होतं.

"राहणार कुठे?" तिने विचारलं.

"आजीच्या खोलीत. आजी म्हणाली, तिच्या पलंगाशेजारी दिवाण आहे. सकाळी ऊन येतं म्हणाली. आणि संध्याकाळी मी तिला खाली बागेत न्यायचं, तिचा हात धरून, एक फेरी." नीनाचा आवाज बदलत होता, अजून जर्मनच, पण खाली उतरत होता. "तिने सांगितलंय, ती मला रोज एक गोष्ट सांगणार. तिच्या लहानपणाची. वर्षाला तीनशे पासष्ट."

आणि तेव्हा ऊर्मिलाला ती कळ आली, पण या वेळी कळेचा रोख शोभनाकडे नव्हता. सकाळपासून ती एका दिशेने जळत होती, मागच्या बाकाकडे. आता ते जळणं वळलं. जर्मनीत आल्यापासूनच्या एकोणीस वर्षांत ती आईजवळ सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त राहिली नव्हती. चार आठवडे म्हणजे पहिला आठवडा पाहुणे, शेवटचा खरेदी, मधले दोन लग्नं नि दवाखाने. आईच्या खोलीत सकाळी ऊन येतं हे तिला ठाऊक नव्हतं. ती गेली की तिला पाहुण्यांची खोली मिळायची, ए.सी. असलेली. आणि ही मुलगी, जिला आई हा शब्द तोंडावर म्हणता येत नाही, ती तिथे झोपणार. वर्षभर. आईचं खोकणं ऐकणार, कूस बदलणं ऐकणार. आई जेवढी उरली आहे, त्यातलं एक अख्खं वर्ष हिला मिळणार. ऊर्मिलाने नीनाकडे पाहिलं, तिच्या कपाळावर वाऱ्याने चिकटलेले केस, कोपरावरचा ओरखडा, आणि स्वतःच्या पोटच्या पोरीचा तिला इतका सरळ, इतका धारदार हेवा वाटला की ती घाबरली.

"मला तुझा हेवा वाटतोय," ती म्हणाली.

नीनाने मान वळवली. "हेवा म्हणजे?"

जर्मन शब्द ऊर्मिलाला येत होता. दोन येत होते, आणि कुठला कुठे वापरायचा याबद्दल तिची खात्री नव्हती. तिने दोन्ही सोडले. "म्हणजे तू आजीजवळ राहणार, आणि मी नाही राहणार. आणि मला ते सहन होत नाहीये."

नीना तिच्याकडे बघत राहिली. आई रडते, चिडते, समजावते, हे तिने पाहिलेलं होतं. हे नव्हतं पाहिलेलं. मग ती हळूहळू, प्रत्येक शब्दाला हात लावून बघत, मराठीत म्हणाली, "मग तू पण ये. थोडे दिवस. डिसेंबर."

ऊर्मिलाच्या मनात पटकन सुट्टीचे आठवडे उभे राहिले, तिकीट, बॅग, आईच्या खोलीतला तो दिवाण. तिला जायचं होतं. "नको," ती म्हणाली. "मी आले की आई माझी होऊन बसते. तुला बोलूच देणार नाही मी. पुढच्या वर्षी जाईन, तू परत आल्यावर."

"नक्की?"

"मला आवडत नाहीये ते. पण नक्की."

नीना हसली. खालून बुलीचा भोंगा वाजला, दोनदा, योखेन बोलावत होता. बॉनचं जोडपं उतरू लागलं. त्या दोघीही उठल्या. पहिल्या वळणावर नीना म्हणाली, "आजी सकाळी उठली की तिला काय लागतं? चहा की कॉफी? म्हणजे मी आधी उठून करणार. सरप्राइज."

उत्तर ऊर्मिलाच्या ओठांवरच होतं, मोठ्या मुलीचं, हात वर करून दिलेलं. मग तिला दिसलं की ते उत्तर वीस वर्षांपूर्वीचं आहे. मधल्या काळात डॉक्टरांनी काय बंद केलं असेल, शोभनाने काय लावून दिलं असेल, तिला काही माहिती नव्हती. ती एका दगडाला धरून खाली उतरली. "मावशीला विचार," ती म्हणाली. "तिला माहीत आहे. मला फक्त मी तिथे होते तेव्हाचं माहीत आहे."

"मग ते सांग," नीना म्हणाली.

ऊर्मिलाने सांगायला सुरुवात केली. पाचला उठायची. दिवा लावायची नाही, आम्ही झोपलेल्या असायचो म्हणून. अंधारातच स्टोव्ह पेटवायची. चहा गाळून झाला की पहिला घोट उभ्यानेच, ओट्याला टेकून, आणि त्या वेळी तिच्याशी बोलायचं नसे कुणी. मी एकदा उठून गेले होते, नऊ-दहा वर्षांची असेन, दारात उभी राहून बघत होते. तिने पाहिलं मला. हाकलली नाही. बशीत थोडा ओतून दिला, आणि दोघी तशाच... सांगताना तिला कळत होतं की हे शोभनालाही ठाऊक नाही, शोभना तेव्हा झोपलेली होती, हे एकच असं होतं जे तिचं एकटीचं होतं. आणि ते आता नीना पुण्याला घेऊन जाणार, आजीला विचारणार, आजी त्यात आणखी काही घालणार, आणि ते पुन्हा तसं राहणार नाही. तिला ते जड जात होतं. खालच्या वळणावर बाकावर बसलेली शोभना दिसू लागली, हात हलवत. ऊर्मिलाने चाल जरा मंद केली, दोघी तिथे पोहोचायच्या आत सगळं सांगून व्हावं म्हणून, आणि ती सांगत राहिली.